पुलपिटवर बाई उभी राहिली तर अडतं कुठे?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपलं सीएनआय, स्थापन झालं. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया अशा सहा मंडळ्या त्या दिवशी एक झाल्या. सातवी मंडळी, अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट, ऐनवेळी मागे फिरली. या एकीची बोलणी १९२९ पासून सुरू होती. बिशप, म्हणजे पाळकांवरचा धर्मप्रमुख, असावा की नसावा, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की जाणत्या माणसाला, असल्या प्रश्नांवर चाळीस वर्षं खल चालला. बायबल सगळ्यांचं एकच होतं, पण मंडळीत कोणी काय करायचं याचे नियम मात्र प्रत्येकाचे वेगळे होते.

हे आधी सांगण्याचं कारण असं. बाहेरच्या मित्रमैत्रिणी विचारतात, "तुमच्यात बायका फादर का होत नाहीत?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात 'तुमच्यात' म्हणजे नेमकं कोणात, ते आधी ठरवावं लागतं. त्याच सदरमध्ये कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलही आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन्ही 'चर्च'च. एकाच्या नियमानुसार बाई पाळक होऊ शकते, बिशपही होऊ शकते. दुसऱ्याच्या नियमानुसार दोन्ही शक्य नाही. शिवाय शहरभर हॉलमध्ये, घराच्या गच्चीवरच्या शेडमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या आहेत. त्यांचा नियम त्यांचे पाळक सांगतील तो.

आता 'नेतृत्व' म्हणजे काय तेही बघू, कारण बरीचशी भांडणं इथेच गोंधळतात. मंडळीत काम करणं आणि मंडळीत अधिकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामाबद्दल वाद कुणाचाच नाही. संडे स्कूल, गायकगट, आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरच्या प्रार्थना सभा, नाताळचा फराळ, मयताच्या घरी पहिल्यांदा पोचणं, हे सगळं कोण करतं ते प्रत्येक ख्रिस्ती घराला माहीत आहे. वाद पेटतो तो तीन ठिकाणी. रविवारच्या उपासनेत पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, सगळ्या मंडळीसमोर, पुरुषांसमोरही, वचनातून (बायबलमधून) संदेश देणं हे पहिलं. प्रभूभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) देणं, बाप्तिस्मा देणं हे दुसरं. त्यासाठी बहुतेक चर्चमध्ये दीक्षा, म्हणजे पाळकपदाची रीतसर नेमणूक, लागते. आणि तिसरं म्हणजे कमिटीतलं मत आणि कागदावरची सही. तिसऱ्यावर धर्मशास्त्राची चर्चा फारशी होत नाही, पण माझ्या मते खरी ओढाताण पुष्कळदा तिथेच असते.

दीक्षेला आपल्याकडे कायद्याचंही वजन आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार ख्रिस्ती लग्न कोण लावू शकतं याची यादी ठरलेली आहे आणि रीतसर दीक्षा घेतलेले पाळक त्यात मोडतात. म्हणजे पाळकाची जागा ही नुसती मानाची नाही. त्या सहीवर लग्नाची नोंद होते, आणि पुढे त्या नोंदीवर पासपोर्टपासून वारसापर्यंत बरंच काही अवलंबून असतं.

बायकांनी हा अधिकार मागणं हे काही आजकालचं खूळ नाही. मराठी वाचकाला यासाठी परदेशात जायचीसुद्धा गरज नाही. म्हणजे गोष्ट घडली परदेशात, पण माणूस आपलं. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या. १८८५ च्या सुमारास त्यांनी भारतात जाणाऱ्या इंग्रज तरुणांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार पुढे आला. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांची हरकत नव्हती. हरकत घेतली लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी. बाईने तरुण पुरुषांना शिकवलं असं भारतात कळलं तर तिच्या शब्दाला तिकडे किंमत राहणार नाही, असा त्यांचा सूर होता.

रमाबाईंचं उत्तर वाचण्यासारखं आहे. त्यांनी कळवलं की माझ्या आईने किंवा मी पुरुषांना शिकवण्यावर माझ्या वडिलांनी कधी आक्षेप घेतला नाही, नवऱ्यानेही घेतला नाही, आणि आता तुम्ही घेता याचं नवल वाटतं. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि निर्णय मीच घेणार, हेही त्यांनी त्याच वादात स्पष्ट केलं. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ज्या बाईला भर सभेत 'पंडिता' म्हटलं, तिला इंग्रज बिशप 'भारतीय लोकांना काय वाटेल' हे समजावत होते. संस्कृतीचं कारण पुढे करणाऱ्याला ती संस्कृती ठाऊक असतेच असं नाही! पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं आणि ते छापायचं कामही तिथल्याच बायकांनी केलं. बायबलचं भाषांतर करणारी बाई चालते, पण त्याच बायबलावर रविवारी बोलणारी चालत नाही, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

त्या काळात 'बायबल वुमन' नावाचं एक पदही होतं. पडद्यातल्या बायकांपर्यंत पुरुष मिशनरी पोचू शकत नसत. म्हणून या बायका घराघरांत जाऊन वाचून दाखवत, शिकवत, औषध सांगत. गावोगाव मंडळ्या उभ्या राहिल्या त्यात यांचा वाटा मोठा आहे. मिशनच्या रजिस्टरात त्या पाळकाच्या खालच्या ओळीत आणि पगारातही खाली.

आता मुख्य मुद्दा, वचनं. रूढीवादी चर्च बायकांना पाळकपद का नाकारतात? "पुरुषी अहंकार, दुसरं काय" असं म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण त्याने समोरच्याचं म्हणणं कळत नाही. त्यांचा आधार प्रामुख्याने बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांचा आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की स्त्रीने शिकवावं किंवा पुरुषावर अधिकार चालवावा याला मी परवानगी देत नाही. आणि कारण देतो ते असं, की आदाम आधी घडवला गेला, हव्वा नंतर. रूढीवादी अभ्यासकांचा सगळा भर या कारणावर असतो. पौल इथे तीमथ्य जिथे होता त्या इफिसमधल्या एखाद्या तात्पुरत्या भानगडीचा दाखला देत नाही, थेट उत्पत्तीपर्यंत मागे जातो. म्हणून हा नियम कायमचा, असं त्यांचं म्हणणं. त्याला जोडून करिंथकरांस पहिल्या पत्रातला चौदावा अध्याय येतो, जिथे स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे. आणि येशूने निवडलेले बारा प्रेषित सगळे पुरुष होते, हा तिसरा आधार. यातले समजूतदार लोक पुढे हेही सांगतात की देवापुढे स्त्री-पुरुषाची किंमत सारखीच आहे, फक्त भूमिका वेगळ्या आहेत. अमेरिकेत १९८७ मध्ये काही इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट, अभ्यासकांनी डॅनव्हर्स निवेदन तयार केलं, त्यात हीच मांडणी आहे.

दुसरी बाजू बायबल बाजूला ठेवून बोलते असा एक गैरसमज आहे. ती त्याच पानांवर बोट ठेवते. करिंथच्या ज्या पत्रात चौदाव्या अध्यायात गप्प राहा म्हटलंय, त्याच पत्रात अकराव्या अध्यायात बायकांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं असं सांगितलंय. बोलायचंच नसेल तर बोलताना पदर घ्या असं सांगायचं कशाला? म्हणजे चौदाव्या अध्यायातला नियम सरसकट नसावा, त्या मंडळीतल्या कुठल्यातरी गोंधळाबद्दल असावा. 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलच्या पुस्तकात प्रिस्किल्ला आपल्या नवऱ्याबरोबर अपुल्लोला शिकवते, आणि अपुल्लो काही नवखा नव्हता, शास्त्रात तरबेज होता. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी पौल किंख्रियाच्या मंडळीतल्या फिबीची शिफारस करतो. जुन्या करारात दबोरा सगळ्या इस्राएलाचा न्याय करते आणि सेनापती बाराक तिला म्हणतो, तू आलीस तरच मी लढाईला जाईन. पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा शिष्यांना सांगायला येशूने पाठवली ती मग्दालीया मरीया. आणि गलतीकरांच्या पत्रात ख्रिस्तामध्ये ना यहूदी ना हेल्लेणी, ना दास ना स्वतंत्र, ना पुरुष ना स्त्री.

यावर रूढीवाद्यांचंही उत्तर तयार असतं. गलतीमधलं वाक्य तारणाबद्दल आहे, पदांबद्दल नाही. प्रिस्किल्ला घरात शिकवत होती, उपासनेत नाही. दबोरा अपवाद होती. वाद असा गोल फिरत राहतो. मला स्वतःला अकराव्या अध्यायाचा मुद्दा निर्णायक वाटतो. पण ज्यांना वाटत नाही ते सगळे अप्रामाणिक आहेत असं मी म्हणणार नाही.

एकाच मुळातून दोन फांद्या कशा फुटतात याचं उदाहरण नागपूरच्या इतिहासाला अगदी लागून आहे. १८४५ मध्ये इथे आलेले स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे, ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. त्या चर्चचा मोठा भाग पुढे दोन विलीनीकरणांनंतर १९२९ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये आला. तिथे बायकांना १९६६ मध्ये वडीलपद (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठाचं पद) आणि १९६८ मध्ये पाळकपद खुलं झालं. विलीन न झालेला छोटा भाग आजही फ्री चर्च याच नावाने चालतो आणि तिथे पाळक व वडील पुरुषच असतात. पंथ एक, श्रद्धाकथन एक, गायली जाणारी स्तोत्रंही बरीचशी तीच.

कॅथलिकांचं प्रकरण वेगळं आहे, आणि थोडक्यात सांगता येईल कारण तिथे नियम लखलखीत आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं १०२४ वं कलम म्हणतं की वैध दीक्षा फक्त बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच मिळू शकते. १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पत्र काढून सांगितलं की स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाहीच आणि हा निवाडा सर्वांनी कायमचा मानावा. म्हणजे नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर पाद्री घडवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला पटवून किंवा आर्चबिशपांना निवेदन देऊन यात काही होणार नाही. दीक्षा न लागणारी दारं मात्र अलीकडे एकेक उघडली आहेत. २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांना अधिकृतपणे मिळाली. २०२२ च्या नव्या नियमांनी व्हॅटिकनच्या खात्यांचं प्रमुखपद दीक्षा नसलेल्यांनाही मोकळं केलं. २०२३ च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेत, बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिला एका मोठ्या खात्याच्या प्रमुख झाल्या, जगभरच्या धर्मसंघांचा कारभार पाहणाऱ्या. आपल्या कॉन्व्हेंटच्या मुख्याध्यापिका सिस्टरना चारशे पालकांची सभा आवरताना बघितलेल्या कुणालाही यात नवल वाटू नये.

आता अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांकडे थोडं थांबू. ते इतके लांब असूनही थांबायचं, कारण नागपुरातल्या तरुण ख्रिस्ती पोरांच्या मोबाइलवर जे संदेश येतात, अभ्यासाची जी पुस्तकं येतात, त्यांतली बरीच तिकडची असतात. गंमत म्हणजे १९६४ मध्ये तिथल्याच एका मंडळीने अ‍ॅडी डेव्हिस या बाईंना दीक्षा दिली होती. मग वारं फिरलं. १९८४ च्या ठरावात बायकांनी पाळकाचं काम करू नये असं आलं आणि कारणांमध्ये एदेन बागेतलं पतन, म्हणजे आधी हव्वा चुकली हे, काढलं गेलं. २००० मध्ये त्यांच्या श्रद्धापत्रकातच पाळकपद पुरुषांपुरतं लिहिलं गेलं. बॅप्टिस्ट मंडळ्या स्वतंत्र असतात, वरून कुणी पाळक हटवू शकत नाही. फक्त एकच करता येतं, मंडळीला संघटनेतून बाहेर काढणं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक चर्चला, म्हणजे त्यांच्या सगळ्यात मोठ्या मंडळ्यांपैकी एकीला, महिला पाळक नेमल्यावरून असंच बाहेर काढलं. अपील झालं, तेही प्रचंड बहुमताने फेटाळलं गेलं. मात्र त्याच्या पुढच्या वर्षी, कुठल्याही प्रकारचं पाळकपद बाईला देणाऱ्या मंडळीला घटनेनेच बाद ठरवायचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला सुमारे ६१ टक्के मतं मिळाली. दोन-तृतीयांश लागत होती. २०२५ मध्येही तेच झालं. म्हणजे कट्टर समजल्या जाणाऱ्या सभागृहातसुद्धा तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसांनी "इतकं नको" असं मत दिलं.

रूढीवादी म्हणजे बायकांच्या विरोधात, हे समीकरणही नेहमी खरं नसतं. साल्व्हेशन आर्मी, म्हणजे मुक्तिफौज, घ्या. नगर जिल्ह्यात त्यांचं काम जुनं आहे, भारतात ते १८८२ मध्ये मुंबईला आले. दारू-तंबाखूबद्दल, आचरणाबद्दल कडक लोक. पण संस्थापकांच्या पत्नी कॅथरीन बूथ यांनी बायकांनी प्रचार करण्याच्या बाजूने १८५९ मध्येच पुस्तिका लिहिली होती. १९३४ मध्ये त्यांची लेक इव्हँजेलीन सर्वोच्च पदावर, जनरल म्हणून, निवडून आली. असेंब्लीज ऑफ गॉडसारखे पेंटेकॉस्टलही, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारे, बायकांना पाळकपद देतात. त्यांचा तर्क जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याच्या भविष्यवाणीवर आहे: आत्मा उतरेल तेव्हा तुमचे पुत्र आणि कन्या दोघंही संदेश देतील. अक्षरशः बायबल मानणारी ही माणसं त्याच अक्षरांवरून उलट निष्कर्षाला पोचली.

म्हणजे कुलपं तीन प्रकारची आहेत. कॅथलिकांकडे कायद्याचं, सदर्न बॅप्टिस्टांसारख्यांकडे आणि त्यांच्या विचारांच्या आपल्या स्वतंत्र मंडळ्यांकडे वचनाचं. आणि जिथे नियम, घटना, वचनाचा अर्थ सगळं बाईच्या बाजूने आहे, तिथे सवयीचं. या तिसऱ्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं, कारण दाखवायला कागद नसतो.

समजा, नागपूरच्या मोहननगरमधली एक मुलगी आहे. सीएनआयसारख्या, बायकांना दीक्षा देणाऱ्या चर्चची सभासद. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये शिकवते, तरुण संघाची सेक्रेटरी आहे, पाळक होण्यासाठी देवाचं पाचारण झालंय असं तिला वाटतं. आता वाट अशी: आधी स्थानिक मंडळीची शिफारस, मग डायोसिसच्या (बिशपच्या कार्यक्षेत्राच्या) बोर्डापुढे मुलाखत, मग सेमिनरीत बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, मग काही काळ पाळकाच्या हाताखाली उमेदवारी, डीकन म्हणून दीक्षा, आणि मग पाळक. सेमिनरीचं दार तिला बंद नाही. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी मुली घेते, आणि इव्हँजेलिकल वळणाची असूनही घेते. अडतं ते पहिल्याच पायरीवर.

कमिटीतले काका वाईट नसतात. ते म्हणतात, "बेटा, तू बी.डी. कर ना, आम्हाला आनंदच आहे. पण मग कॉलेजात शिकव. मंडळी सांभाळायची म्हणजे रात्री-बेरात्री मयताला जावं लागते."

ती म्हणते, "काका, मयताला आत्ता पण मम्मीच जाते ना पहिले."

"ते वेगळं, बेटा."

आणि मग लग्नाचा प्रश्न. पाळकाची दर काही वर्षांनी बदली होते. पाळकाच्या बायकोकडून काय अपेक्षा असतात ते सगळ्यांना पाठ आहे: महिला मंडळ चालवायचं, पेटी वाजवता आली तर उत्तम, बंगल्यावर आलेल्याला चहा. पाळकबाईच्या नवऱ्याने काय करायचं, त्याची नोकरी नागपुरात आणि बायकोची बदली अमरावतीला झाली तर कोण कुठे जाणार, याचा विचार कुणी केलेलाच नसतो. स्थळं बघणाऱ्या मावशी तर सरळ सांगतात, आधी लग्न, मग दीक्षा. उलट क्रमाने गेलीस तर दोन्ही लांबेल.

विरोध फक्त पुरुषांचा असतो असंही नाही. कित्येक वयस्क बायकांनाच प्रभूभोजन बाईच्या हातून घेताना अवघड वाटतं. सत्तर वर्षं एकच चित्र बघितलेल्या डोळ्यांना वेळ लागणारच. चर्च ऑफ इंग्लंडमध्येही १९९४ मध्ये पहिल्या बायका पाळक म्हणून दीक्षित झाल्यावर रांग बदलून पुरुष पाळकाकडे जाणारी माणसं होतीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच चर्चच्या सर्वोच्च धर्मपदासाठी, कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, सारा मुलॅली यांचं नाव जाहीर झालं.

सवय कधी कधी संकटामुळे तुटते. १९४४ मध्ये युद्धामुळे मकाऊत अँग्लिकन पाळक पोचूच शकत नव्हता, तेव्हा हाँगकाँगच्या बिशपांनी फ्लोरेन्स ली टिम-ओई यांना दीक्षा दिली. अँग्लिकन जगातली ही पहिली बाई पाळक. युद्ध संपलं, वरिष्ठांचा दबाव आला आणि १९४६ मध्ये त्यांनी पाळकाचा परवाना परत केला. गरज होती तोवर चाललं. आपल्याकडेही दूरच्या, लहान, पगार परवडत नाही अशा मंडळीवर बाई नेमायला कुणाची फारशी हरकत नसते. हरकत निघते ती शहरातल्या मोठ्या चर्चवर.

वर जाणारी वाट त्यामुळेच लांबते. बिशप निवडायचा तो अनुभवी पाळकांमधून. वीस वर्षांपूर्वी बायका पाळक झाल्या नसतील तर आज उमेदवार कुठून येणार? चर्च ऑफ साउथ इंडियाने बायकांना दीक्षा द्यायला १९७० च्या दशकात सुरुवात केली आणि पहिली महिला बिशप, नंद्यालच्या एगोनी पुष्पललिता, झाल्या २०१३ मध्ये. सीएनआयमध्ये हा मान अलीकडे ओडिशातल्या फुलबनी डायोसिसला मिळाला, व्हायोलेट नायक यांच्या रूपाने.

कोर्टात जाता येईल का, असंही विचारतात. संविधानाचं २६ वं कलम धार्मिक संप्रदायांना आपले धर्मविषयक व्यवहार स्वतः चालवायचा हक्क देतं. पाळक कोणी व्हावं हा त्या व्यवहाराचा गाभा मानला जातो, त्यामुळे दीक्षा मिळावी म्हणून दावा लावणं अवघड. कमिटीची निवडणूक, मालमत्तेचा हिशेब, नोकरीतली वागणूक या गोष्टी मात्र सगळ्याच त्या आडोशाला बसत नाहीत.

म्हणून कुणी मुलगी विचारायला आली तर मी तिला आधी पौलाची पत्रं काढायला सांगत नाही. आधी आपल्या मंडळीची घटना आणि नियमावली मिळव, म्हणते. कमिटीला उभं राहायची पात्रता काय, दीक्षेसाठी अर्ज कुणाकडे, शिफारस नाकारली तर लेखी कारण द्यावं लागतं का, डायोसिसकडे दाद मागता येते का, एवढं वाच. तिथे बाईला मनाई लिहिलेली असेल तर मग वचनांचा वाद घालावाच लागेल, आणि तो कदाचित आयुष्यभर चालेल. मनाई नसेल तर अर्ज तोंडी करू नकोस. लेखी दे, पोच घे. नियमावली सहसा सेक्रेटरींच्या कपाटात असते, आणि ती मागायला सभासद असणं पुरतं.